चार पौंड हवा

आधी सपाट जागेवर घे, मेटकाफ सांगतात.
ह्या स्वेलडेलमध्ये सपाट म्हणजे
चर्चची फरशी, नाहीतर ही शेड.
चर्चमध्ये क्वाड नेता येत नाही.
एकदा नेली होती म्हणे, बर्फात, कुणाच्या तरी लग्नाला,
पण ते नंतर.

मार्चचा रविवार. मेंढ्या व्यायला पाच आठवडे.
ते उलट्या बादलीवर बसलेत,
डावा हात मांडीवर,
शेजाऱ्यानं सांभाळायला ठेवून दिल्यासारखा.
ह्या हाताची नि माझी दीड वर्षाची ओळख.
हॉस्पिटलात मी सांगायचे: मूठ वळा. सोडा. पुन्हा वळा.
इथे ते सांगतात, आणि मी सिमेंटवर उताणी,
सतराचा पाना घेऊन.

इंजिन पाच मिनिटं चालवून घेतलंय,
कोमट तेल लवकर उतरतं.
खाली जीनचा कोंबडी भाजायचा जुना ट्रे.
पहिली धार जाड, काळी, मग सुतासारखी,
मग थेंब, थेंब,
आणि ह्या वासानं मी इचलकरंजीत,
आमच्या मागांच्या शेडच्या दारात.
दारातच. मुलींनी आत यायचं नाही, ओढणी अडकते.
बाबा तेलाची बुधली घेऊन फिरायचे
आणि कोणता माग कोरडा पडलाय
ते कानानं ओळखायचे.
मला बाहेरून सगळे सारखेच खडखडायचे.

बुटावर काठीची टिचकी. कुठे गेलीस?

बोल्ट मनगटानं आवळ. खांद्यानं नाही.
गेल्या वर्षी मी खांद्यानं आवळला, आटे गेले.
दोन दिवस ते काही बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, असो,
मेंढी तर चोरली नाहीस.

सीटखालचा फिल्टर: गवताचं बी, लोकर,
एक वाळलेली गांधीलमाशी, पाय पोटाशी घेऊन.
रॉकेलमध्ये बुचकळ. पिळू नकोस, दाब.
पिळला की स्पंज फाटतो.
आमच्याकडे धुणं म्हणजे पिळणंच,
हाताला दहादा सांगावं लागतं.

मग हवा.
गाडीचा गेज दहाच्या पुढे बोलायला लागतो,
त्याखालचं त्याच्या खिजगणतीत नाही.
क्वाडच्या चाकाला चारच पौंड.
जास्त भरलीस तर दगडावर उडेल,
उतारावर तुलाच अंगाखाली घेईल.
मऊ असू दे. जमीन धरून चालेल.
चारासाठी वेगळा गेज, तंबाखूच्या डबीत,
कापसात, नथ ठेवावी तसा.

आमच्या विभागातलं मूठ मोजायचं यंत्रही
आठ महिने शून्यच दाखवत होतं.
मी शून्य लिहायचे, तारीख घालायचे.
माझ्या बोटांना मात्र अधूनमधून काही लागायचं,
पडद्याआड कुणी कूस बदलावी इतकं.
त्याला फॉर्मवर रकाना नव्हता.

मागच्या डाव्या चाकाशी आले तेव्हा
टोपी ठेवायला जागा नाही.
माझे हात तेलकट, बाकावर सांडलेले स्क्रू,
फरशीवर निपचं शेपूट.
मी ती त्यांच्या डाव्या तळव्यात ठेवली,
विचार न करता, बशीत ठेवावी तशी.
हवा भरली. थोडी सोडली. परत मोजली. चार.
वळून बघते तर मूठ मिटलेली.
मेटकाफ दारातून डोंगराकडे बघतायत,
जणू ह्या भानगडीशी त्यांचा संबंध नाही.

मिटणं त्यातल्या त्यात सोपं,
उघडणंच अवघड, हे मी रोज कुणाला तरी समजावते.
करंगळीपासून सुरू केलं.
एक बोट. थांबायचं. दुसरं.
त्यांनी मान वळवली नाही,
मीही काही विचारलं नाही,
निप उठून दोघांचे हात हुंगून गेला.
अंगठा शेवटी, कुरकुरत.
तळव्यावर टोपीचा लाल गोल उमटलेला.

स्वयंपाकघरातून जीन ओरडते, झालं का?
अजून नाही, ते म्हणतात.
मागचं डावं राहिलंय.