अकराशे ऐंशी

भट्टीच्या आवारात ती आली
ट्रकवर तिरकी पडलेली,
कुलरचे पत्रे, शिलाई मशिनी, खिडक्यांची गजं यांच्यासोबत.
दोनच दारं. बसकी, लांब नाकाची,
दिवे पापण्यांखाली मिटलेले.
इद्रीसनं काट्यावर घेतली: अकराशे ऐंशी.
अडतीसनं गुणलं. मी सोसायटीतून उचल काढली,
आणि वितळायच्या आदल्या दिवशी
जालन्यातल्या एका रोलिंग मिलच्या फिटरनं
जपानी गाडी किलोवर विकत घेतली.

"किलोवर तर आपण भेंडी आणतो,"
सिंधू म्हणाली, आणि आत गेली.

कप्प्यात पुण्याच्या कुण्या डॉक्टरचं आरसी बुक निघालं,
एक वाळून खडा झालेलं लिंबू,
आणि जपानी पुस्तक.
अक्षर कळेना, मग आम्ही चित्रं वाचली.

पहिला उन्हाळा पाण्यानंच खाल्ला.
नळ नवव्या दिवशी; बोअरचं पाणी असं
की भांड्याला चुन्याची साल धरते.
तेच कुणीतरी वर्षानुवर्षं रेडिएटरात ओतलेलं.
चिंचेच्या कोळानं पितळ निघतं,
म्हणून दोन किलो चिंच उकळून आत सोडली.
तिसऱ्या दिवशी खालून जे आलं
त्याला मी नाव देत नाही.
पुढं ब्यांकेच्या एसीखाली कॅन ठेवून
थेंब थेंब मऊ पाणी जमवलं;
वॉचमनला वाटलं, काहीतरी औषधाचं असेल.

खरात, भिंतीवर कोपर टेकून:
"भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, फिटर.
तुमची तर म्हैस पण नाही."
त्यांच्या गाडीला पाच वर्षांची वॉरंटी आहे.
बॉनेट त्यांनी अजून उघडलेलं नाही.

टायमिंगचा पट्टा कुरिअरनं आला, दोन दात कमी.
परत पाठवला. पुन्हा तोच आला.
तिसऱ्यांदा बरोबरचा, तेव्हा पोळा झाला होता.
जुन्या खुणा झिजलेल्या, मग सिंधूच्या नेलपेंटनं
लाल ठिपके दिले, चाकावर एक, ठोकळ्यावर एक.
माझं मनगट अडतं तिथं
प्रांजलचा हात कोपरापर्यंत जातो.
ती डोळे मिटून बोल्ट फिरवते,
म्हणते, "बघितलं की चुकतं."

दिव्यांच्या मोटारीत नायलॉनचं गिअर, झिजून गोल.
बद्रुद्दीनभाईंनी लेथवर पितळेची कापून दिली दोन,
चहाच घेतला फक्त.
उजवा डोळा उघडला.
डावा अजून विचार करतो.

मग मंठ्याच्या रस्त्याला, रामनगरच्या पुढं,
कापसाच्या दोन शेतांमध्ये
ती थांबली.
मी लगेच उतरलो नाही. ऐकलं.
पंप घुमतोय, म्हणजे पेट्रोल आहे.
ठिणगी नाही.
डिस्ट्रिब्युटरची टोपी, केसाएवढा तडा.
"फेब्रुवारीत तुम्हीच म्हणला होता, चालेल,"
प्रांजल म्हणाली, आणि दप्तरातून
तीच लाल शिशी काढून दिली.
पुसलं, लावलं, फुंकर मारत बसलो
दोघं, एका टोपीवर.
एक ट्रॅक्टरवाला थांबून विचारून गेला,
काय करायलाव?
नखं रंगवायलोय, म्हटलं.

गाडी धावली. तशी ती धावते,
आठवड्यातून पाच दिवस म्हणा.
सहाव्या दिवशी काय बिघडणार
ते मला पाचव्या दिवशी वासावरून कळतं.
यालाच भरवसा म्हणतात का, मला ठाऊक नाही.
खरातांना विचारायला हवं.
दर वेळी उघडून जोडली की
एक बोल्ट उरतो. बारा नंबरचा, कधी दहाचा.
सिंधू ते लोणच्याच्या बरणीत टाकते.
बरणी अर्ध्यावर आली आहे.

काल रात्री मिलवरून येताना
रिकामा काटा दिसला. इद्रीसची पाळी.
"चढव," म्हणाला, "बघू तर."
मी खाली उतरून उभा राहिलो.
भट्टीचा उजेड टपावर हलत होता.
बाराशे वीस.
"चाळीस किलो वाढली राव! काय घातलंस एवढं?"
गंज गेला, पत्रा आला,
चिंच, पितळ, ब्यांकेचं पाणी.
मागच्या अरुंद सीटवर प्रांजल
गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली,
हातात अजून टॉर्च, चालूच.

"हत्यारं असतील," मी म्हणालो.