गळती

एकवीस वर्षं मी मडकी फोडली.
दारूबंदी खात्याचा शिपाई, बिल्ला नंबर चारशे सोळा.
देवरीच्या पलीकडचं जंगल मला नाकानं पाठ होतं:
धुराचा वास आला की नाला गाठायचा,
नाल्याकाठी चूल, चुलीवर मडकं, मडक्याला वेळूची नळी,
आणि मागे सोमारीबाई कुंजाम,
कधीच न पळालेली.

"फोडजो. पण गोष्ट आयकून फोड."

मोहाच्या ढोलीत पाणी साचलं होतं म्हणे,
फुलं गळत राहिली त्यात, आंबत राहिली.
पोपट प्याला, बडबडला.
वाघ प्याला, त्याला सारं रान आपलं वाटलं.
डुक्कर प्यालं, चिखलातच लोळलं.
माणूस सगळ्यात शेवटी आला, उष्टं प्याला,
म्हणून तिघंही त्याच्यात निघतात, घोटाघोटानं.
"आन् चवथा घोट?" मी एकदा विचारलं, दंडा हातातच.
"चवथा शिपायाचा.
तो पेल्याबिगर झिंगते."

मी मडकं फोडलं.
सडवा वाहत गेला, त्यात
कसली कसली मुळं, बेहड्याची साल, काळी गाठ एक.
पंचनाम्यासाठी नावं विचारली तर हसली:
"दवाई हाये. नाव सांगतलं का गुण जाते."
बाळंतिणीला चमचाभर, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला वरून,
आणि पहिली धार कोणालाच नाही.
जमिनीला.

आता फाट्यावर कारखाना आहे.
तांब्याचं यंत्र, पांढरे हातमोजे,
काचेच्या बाटलीवर बाई, डोक्यावर टोपली,
सोमारीबाईहून चाळीस वर्षांनी तरुण,
दात सगळे जागच्या जागी.
मागे बारीक अक्षरांत: वनौषधींचा प्राचीन वारसा.
किंमत वाचताना मी चष्मा दोनदा पुसला.

मी तिथे गेटवर असतो. रात्रपाळी.
पेन्शनीत भागत नाही.
चैत्रात उजाडायच्या आधीच रांग लागते,
पाट्या, पोती, एखादा ट्रॅक्टर.
काल सोमारीबाईची नात आली.
काटा झाला, आकडा मी वहीत टाकला,
तेवढ्यात तिनं पाटीतली ओंजळभर फुलं उचलली
आणि ओतली, तिथेच, गेटाच्या आत, सिमेंटवर.

"इथं माती नाही, पोरी."
"हाये नं. खाली हाये."

आतल्या काट्यावर माल कमी भरला.
साहेबानं वही पुढे केली, कारण लिही म्हणाला.
बऱ्याच वर्षांनी माझा हात थांबला कागदावर.
मग लिहिलं:
गळती.