रकाना नऊ

भोसरीत, शेवटच्या गल्लीत,
जिथे यायला रिक्षावाले कुरकुरतात,
आमची फाउंड्री.
स्वीडनहून फॉर्म आलाय:
एक किलो ओतकामामागे कार्बन किती?
रकाना नऊ. रिकामा सोडू नये.

तांबोळीचाचांना विचारलं, भट्टीत कोक किती घालता?
म्हणाले, "मोजून कोण घालतं पोरी,
रंग बघायचा.
केशरी झाला की हात आवरायचा."
मी केशरीचे किलो करत बसले.
वीजबिल भागिले ब्रेक ड्रम,
डिझेल भागिले ब्रेक ड्रम,
दुरुस्तीसाठी लाइट जाते ते गुरुवार वगळून.

गेल्या महिन्यात बाणेरच्या हॉटेलात
सल्लागारबाईंनी पडद्यावर टेकडी दाखवली होती.
देश म्हणे आधी चढतात,
पैसा वाढतो तसा धूर वाढतो,
मग माथा लागतो
आणि पलीकडे पैसा चढतच राहतो, धूर उतरायला लागतो.
उतारावर छोटे छोटे झेंडे.
आम्ही डावीकडे, चढावर, एक ठिपका.
चहा फार चांगला होता.

परत येताना बसमध्ये
दिघीची टेकडी दिसली, तेव्हा सुचलं:
डोक्यावरचा भारा दुसऱ्याच्या डोक्यावर दिला
की उतार सोपाच.

आमचा ड्रम तिकडे जातो.
बर्फातल्या रस्त्यावर कुणाची तरी गाडी
शाळकरी पोरांसाठी हळूच थांबते.
गाडी त्यांची, थांबणं त्यांचं,
धूर तेवढा आमच्या नावे मांडलेला,
किराण्याच्या उधारीसारखा,
खाऊन गेलं कोण ते वहीत नाही.

पण खोटं कशाला बोलू,
याच ऑर्डरच्या बोनसवर मी आईच्या खोलीत एसी बसवला.
पहिल्या रात्री ती शाल पांघरून झोपली,
आणि सकाळी म्हणाली, बंद नको करूस.
चढ माझाही आहे.

चाचा डोकावले. "जास्त भरलं तर ऑर्डर जाईल?"
जाईल कदाचित.
"आणि कमी भरलं तर?"
तर पुढच्या वर्षी त्याहून कमी मागतील.
ते हसले, हातमोजे झटकले,
टेबलावर काळी पूड पडली.
ती कुठल्या रकान्यात धरायची, मी विचारलं नाही.

दोन पूर्णांक सहा लिहिलं.
खोडलं. दोन पूर्णांक चार.
खाली सही: हेमलता डुंबरे, डिस्पॅच.

उद्या गुरुवार.
लाइट नाही, ब्लोअर नाही, भट्टी थंड.
उद्या एक दिवस
आम्ही स्वीडनच्याही पुढे.