अर्धा फोटो

मातोसिन्यूशची पासपोर्ट कचेरी, खिडकी क्रमांक चार.
बाहेर समुद्राचं धुकं, आत यंत्राचा हिरवा दिवा.
देओलिंदा नावाची बाई समोर बसते
आणि पर्स मांडीवर अशी दाबून धरते
जसा मीच ती हिसकावणार आहे.

उजवी तर्जनी काचेवर ठेवा, मी म्हणतो.
ठेवते. यंत्र म्हणतं, पुन्हा.
रुमालाने पुसते, फुंकर घालते, ठेवते.
पुन्हा.

"एकतीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात," ती सांगते,
"मीठ, तेल, पत्र्याच्या कडा.
रेघा तिथल्याच डब्यांत गेल्या असतील.
लोकांनी खाल्ल्या."
मी हसतो. ती हसत नाही.

आत काय घालता, विचारते.
चिप. नखाएवढी. जाड पानाच्या पोटात.
तिच्यात नाव, जन्मतारीख, चेहरा,
आणि उमटली तर, बोटं.
"नाव पानावर आहे की. चेहराही आहे.
मग दोनदा कशाला?
एकदा मला दिसेल असं,
एकदा मला दिसणार नाही असं?"

माझ्याकडे छापील उत्तर असतं, पुस्तिकेचं पान सहा.
चिपला कुलूप आहे, मी वाचून दाखवतो.
"आणि किल्ली?"
किल्ली पानावरच. पासपोर्टचा क्रमांक,
जन्मतारीख, मुदत संपायची तारीख.
बोलता बोलता मलाच ऐकू येतं
मी काय बोललो ते.

"हॉटेलात पासपोर्ट मागतात ना? झेरॉक्स काढतात?"
काढतात.
"म्हणजे किल्ली कुंडीखाली,
आणि कुंडी रस्त्यावर."
बोटांना वेगळं, दणकट कुलूप आहे, मी घाईने म्हणतो,
त्याची किल्ली फक्त सरकारांकडे.
"कुठल्या?"
आपण ज्यांना देऊ त्या.
"मी कुणाला दिली?"

मग ती पर्स उघडते.
पर्समध्ये पाकीट, पाकिटात बटर पेपर,
बटर पेपरमध्ये एक फोटो, मधोमध फाटलेला,
मागून पिवळ्या चिकटपट्टीने जोडलेला.
भाऊ. अमांदियु.

पासष्ट साल. पासपोर्ट मागायला गेलं
की विचारायचे, कशाला हवा?
आणि घराचं नाव फायलीत जायचं.
तो रात्रीच निघाला, डोंगरातून, फ्रान्सकडे, बिनकागदाचा.
आईने फोटो फाडला. अर्धा मिठाच्या बरणीखाली,
अर्धा त्याच्या बुटात.
पोचला की त्याने आपला अर्धा धाडायचा.
अर्ध्याला अर्धा जुळला
की वाटाड्याला उरलेले पैसे.

"सात आठवड्यांनी पाकीट आलं.
आईने नाकाच्या रेघेवर जुळवून पाहिलं.
ओठ थोडे खालीवर झाले. ती म्हणाली, तोच."
देओलिंदा फोटोवर बोट ठेवते,
यंत्राला न सापडलेलं तेच बोट.
"वाटेत कुणाच्या हाती लागला असता,
तर काय मिळालं असतं त्याला?
एक डोळा. अर्धी मिशी."

मागे रांगेत कुणीतरी खोकतं.
मी चौकटीत खूण करतो: ठसा मिळाला नाही.
खूण करताना उगाचच बरं वाटतं.
ती बोटं गोळा करते, मूठ मिटते.
झाकली. सव्वा लाखाची.

तीन आठवड्यांनी ती पासपोर्ट न्यायला येते,
हातात झाकणाचा पत्र्याचा डबा, निळा,
त्यावर बोट आणि कोळी.
"पत्र्यातून लहरी जात नाहीत म्हणे, नातू सांगत होता.
आमच्या डब्यांतून वासही जात नसे."
पासपोर्ट आत ठेवते. झाकण दाबते. टक्.
टोरांटोला लेक आहे, जाताना एवढंच सांगते,
आणि हेही मी विचारलेलं नसतं.

त्या रात्री मी माझा पासपोर्ट खणातून काढला.
जाड पानावर अंगठा फिरवला,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, दोनदा.
हाताला काहीच लागलं नाही.
लागू नये अशीच बसवलेली असते ती.