ऱ्हस्व

नन्नावरेकाकांनी काउंटरवर दोन कागद ठेवले.
एक आरपार, एक पांढरा.
दोन्हींवर एका बाजूनं
निवलेल्या पेजेवर धरते तशी पातळ साय.

नागभीडच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
सातबारा येतो, जातीचा दाखला येतो,
लग्नपत्रिकेतला हळदीच्या वेळेचा घोळ येतो.
आगगाडीला चिकटवायची अक्षरं
पहिल्यांदाच आली.

पिशवीतून त्यांनी डबा काढला,
छोट्या लाइनीचा, हातभर,
सागाच्या फळकुटाचा, विटकरी.
आणि हॉल्टची पाटी, पिवळी, माझ्या करंगळीएवढी.
एकतीस वर्षं गेट सांभाळलं.
आता मोठी लाइन होऊन रायली, हॉल्ट नाही.
हे त्यांनी झेरॉक्सचा भाव विचारावा तसं सांगितलं.

"पांढरी शाई हाये का तुह्याजवळ?"
नाही. आमच्यासारख्यांच्या प्रिंटरात नसते.
मग पाटीला आरपार कागद, पिवळ्यावर काळं उठतं.
डब्याला पांढरा,
नाहीतर विटकरीत पिवळी अक्षरं बुडतील.
पण पांढऱ्यावर अक्षरांभोवती
डब्याचाच रंग छापायचा, आणि कापायचं काठोकाठ.
मी डबा स्कॅनरवर पालथा घातला.
चार विटकऱ्या काढल्या, साध्या कागदावर.
तिसरी जुळली.
बाहेर उन्हात नेली तेव्हा चौथी.

नाव टाइप केलं: टेंभरी.
"दीर्घ नाही, पोरी. ऱ्हस्व."
चूक आहे, काका.
"पेंटरनं तशीच लिवली होती.
साहेब येऊन गेले, पॅसेंजर चढले-उतरले,
गाडी काही थांबाची राहिली नाही त्याच्यानं."

लेझर बिघडलेला, शाईचा प्रिंटर चालू.
पहिली पट्टी मी घाईत वाया घालवली.
छापली, वाळल्यासारखी वाटली, कापली,
बशीतल्या कोमट पाण्यात सोडली.
काळ्याला आधी जांभळी कड आली.
मग वेलांटी सुटली.
मग टेंभरि बशीभर झाली.
काका बशीत बघत राहिले.
"लाख मारली नाही तू," म्हणाले. रागानं नाही.

लाख म्हणजे वार्निशचा फवारा, हार्डवेअरमधला.
मे महिन्यातल्या दुपारी तो हवेतच वाळतो,
कागदावर नुसता रवा पडतो.
श्रावणात मारला तर दुधी धुई धरते.
म्हणून पहाटे पाच, मागचा ओटा, वारा नाही.
वीतभर लांबून एक हात आडवा.
थांब.
एक हात उभा.
थांब.
"एका पोताऱ्यात भिंत सारवली जाते का?"
आणि कापल्यावर कडा उघड्या पडतात,
त्यांना बारीक ब्रशानं वेगळी.
मग अख्खा दिवस हात लावायचा नाही.
माझ्याकडे कोणी अख्खा दिवस थांबत नाही,
लोक मशीन गरम व्हायच्या आत
"झालं का" विचारतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बशी.
चाळीस मोजले.
नाव कागदावरून सैल झालं,
रंग जागचा हलला नाही.
"उचलू नको. सरकव."
बोटाखाली ते पाटीवर उतरलं,
थोडं तिरपं, मग सरळ.
कापसानं मधून कडेला पाणी टिपलं,
वरून बिनचमकीचा शेवटचा हात.
वाळल्यावर काकांनी डोळे मिटून
नखानं कड शोधली.
दोनदा शोधली.
मग पाटी रुमालात गुंडाळली
आणि विचारलं, किती झाले.

बिघडतील म्हणून मी जास्तीच्या छापल्या होत्या.
सात उरल्या.
एक मी पेपर कटरच्या मुठीवर लावली,
लाखेचा शेवटचा हात न देता,
टिकते का बघायला.
दिवाळीपर्यंत वेलांटी गेली, मग र.
आता नुसतं टेंभ आहे.
बाकीच्या सहा ड्रॉवरमध्ये, पासपोर्ट फोटोच्या पाकिटात.
कोणी मागितल्या तर.