चार नंबरचा कान

रिवणच्या डोंगरात सहा कान पुरलेत मी.
प्रत्येकाच्या शेपटीला काळी केबल.
सगळ्या केबली कंटेनरच्या खिडकीतून आत येतात
आणि माझ्या टेबलावर हिरव्या रेषा होऊन पडून राहतात.
खडक कण्हला की रेष दचकते.
मी लिहिते: वेळ, जागा, जोर.
कंपनीला एवढंच लागतं.

शाबा वेळीप रात्रीचा राखणदार.
मँगनीजच्या याच बोगद्यात त्यानं अकरा वर्षं खांब लावले,
किंदळाचे, कारण किंदळ मोडायच्या आधी सांगतं.
"पयलं कुरकुरतं," तो म्हणतो, "मग बोटं मोडल्यागत.
मग बाय, पहार टाकायची आणि उजेडाकडे धावायचं."
त्याचा उजवा कान तेव्हापासून बंद.

पौषात, रात्री पावणेबाराला,
चार नंबरवर बारीक ठोके उमटले,
तीन पुढे, जरा थांबून तीन मागे.
मशीननं विचारलं: गोंगाट. वगळू?
शाबा पडद्यावर वाकला.
"मांडावर धालो चाललेत.
हा जड पाय दिसतो ना, तो आमच्या घरचा."
मी वगळलं नाही. रकान्यात लिहिलं: बायका.

माघात चार नंबर गप्प झाला.
केबल तपासली, बॅटरी बदलली,
कानाशेजारी टाच आपटली, तर टाच उमटली.
म्हणजे ऐकत होता. डोंगरच बोलत नव्हता.
मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू,
स्वच्छ पान साहेबांना आवडतं.

शाबानं जमिनीवर तळवा टेकला,
बराच वेळ उचलला नाही.
"कुरकुरणारा दगड बरा. हा दम धरून बसलाय."

खाली पंपावर मिंगेल होता, आणि त्याचा मुलगा.
मी वायरलेस उचलला.
कारण काय देणार? रेष तर सरळ होती.
म्हटलं, वर या, चहा झालाय.

चहा झाला नव्हता.
ते चिखलाच्या पायांनी दारात आले
तेव्हा शाबा अजून स्टोव्हला पिन मारत होता.

त्या रात्री काही पडलं नाही.
दुसऱ्याही नाही.
कंपनीनं अर्ध्या पाळीचे पैसे माझ्या पगारातून कापले,
मिंगेल अजून विचारतो, "बाय, आज चहा कितीक वाजता?"

चार नंबर अजून गप्प आहे.
जोराच्या रकान्यात शून्य लिहिते,
आणि पंपावर कुणालाच पाठवत नाही.