दीड बोट

स्प्रिंग कापण्याआधी मला विचारलं असतं
तर सांगितलं असतं,
कापड पुन्हा जोडता येतं, ठिगळ लावून का होईना.
लोखंडाचं तसं नाही.
पण लक्ष्मीपती विचारणारा भाचा नाही.
नान्नाच्या फियाटचे पुढचे स्प्रिंग त्यानं
दीड-दीड वेढा छाटून आणले,
मागच्या कमानींतून एकेक पाटा काढला,
आणि अशोक चौकात गाडी उभी केली
भुवयांपर्यंत टोपी ओढलेल्या पोरासारखी.

दिसायला झकास.
पहिल्याच स्पीडब्रेकरला
टर्रर्र.
तीस वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे,
खाकी कशी फाटते ते झोपेतही ओळखतो.
हे रबर होतं.

दस्तगीरमामूंची शेड अक्कलकोट रोडला.
वाकून बघितलं, तंबाखू झटकली.
"घासाललंय की ओ. कुठं, ते टायरलाच विचारा.
खडू आहे?"
माझ्या खिशात कायम असतो. चपटा, निळा, शिंप्याचा.
चारी टायरांच्या खांद्यांवर रेघा ओढल्या,
मागच्या सीटवर मालदांडीची दोन पोती टाकली,
वर लक्ष्मीपती,
आणि जुळे सोलापूरपर्यंत जाऊन आलो.
तीन टायरांवरचा खडू जसाच्या तसा.
मागच्या उजव्याचा पुसलेला.

"उजवंच का बे?"

गळ्यातला टेप काढला.
चाकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत.
पोती उतरवून मोजलं.
चारी चाकांत हवा सारखी करून, सपाट फरशीवर मोजलं.
उजवी बाजू दीड बोट खाली.

नान्ना एकटेच चालवायचे.
घर ते मिल, मिल ते घर,
मिल बंद पडल्यावरही काही दिवस मिलपर्यंत.
अम्मा बसायची नाही. पेट्रोलच्या वासानं मळमळतं म्हणायची.
खरं कारण वेगळं होतं, ते इथं सांगत नाही.
डाव्या सीटचं रेक्झिन अजून नव्यासारखं चकाकतं.
आणि उजवा पाटा
अठ्ठावीस वर्षं एका माणसाखाली दबत गेला.

गाडी उंच होती तोवर खपून गेलं.
पोरांच्या गणवेशात आम्ही दीड इंच आत दुमडून ठेवतो,
जूनमध्ये उसवायला.
इथलं दुमडलेलं नान्नांनी कधीच वापरून टाकलं होतं.

"मग डावं पण तेवढंच खाली घेऊ, सारखं होईल,"
लक्ष्मीपती म्हणाला.
मी आणि मामू एकदमच "नको" म्हणालो.
शिकाऊ पोरं असंच करतात.
एक बाही आखूड झाली की दुसरी कापायची,
मग पुन्हा पहिली,
संध्याकाळपर्यंत शर्टाचं बनियन.

काढलेला पाटा उजवीकडे परत घातला.
पत्र्याची आतली कड दुमडायला
मामूंनी भंगारातून यंत्रमागाचा लाकडी रूळ आणला,
टायर आणि पत्र्याच्या फटीत सारला,
आणि गाडी आम्ही बोट-बोट ढकलत राहिलो.
कड वर वळत गेली. तुरपाईच म्हणा.
रंग तडकू नये म्हणून पत्रा आधी तापवावा लागतो.
मे महिना होता, सोलापूर होतं.
तापवावा लागला नाही.

पुन्हा खडू. पुन्हा पोती. पुन्हा लक्ष्मीपती.
चारी रेघा शाबूत.
मामूंनी चहा मागवला, पैसे मात्र पूर्ण घेतले.

रविवारी अम्माला म्हटलं, बस.
मी डावं दार उघडून धरलं.
ती वळसा घालून गेली,
मागचं दार स्वतः उघडलं,
आणि माझ्या बरोब्बर मागं बसली.
उजवीकडे.
शेंगाचटणीचा डबा मांडीवर.

सात रस्त्याला एक खड्डा चुकवता आला नाही.
काहीतरी झालं, किंवा नाही.
"कान कसला लावतोस," अम्मा म्हणाली, "पुढं बघ."

घरी आल्यावर ती आत गेल्याची खात्री केली
आणि चाकापाशी उकिडवा बसलो.
रेघ अर्धी पुसली होती.
अर्धी होती.